चार वाट्यांचा डॉक्टर

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. मी तवा एकतीस वर्षांचा होतो, आन कावीळ धरण्यात माझ्या तोडीचा माणूस आसपास न्हवता. तवा हिंगोली जिल्हा झाला न्हवता, आमी परभणीत मोडत होतो. पण डोळे पिवळे झालेला माणूस परभणीला जात न्हवता, माझ्या ओट्यावर येत होता. हे मी बढाई म्हणून लिहीत न्हाई. शिरड शहापूरच्या बाजूला आमचं गाव हाय, तिथं जुनी माणसं अजून जित्ती हायेत. त्यांना इचारा.

काम असं होतं. आंब्याची साल उकळून तिचं पाणी माणसाच्या दोन्ही हातांना चोळायचं. मंग चुना खाली बसल्यावर वर राहिलेल्या साफ पाण्यात, म्हणजे निवळीत, ते हात धुवायला लावायचे. कावीळ असली की निवळी हळदीसारखी पिवळी व्हायची. मंग तेल, तिखट, मटण बंद. पुढल्या खेपेला पाणी जरा फिकं दिसलं की माणूस बरा झाला. ही इद्या माझ्या बापाची. पैसा घ्यायचा न्हाई, नारळ घ्यायचा, अशी त्याची ताकीद होती. मी तिसरीतून शाळा सोडली, पण ह्या कामात मला कुनी शिकवावं असा माणूस मी पाहिला न्हवता.

मंग सरकारी दवाखान्यात तो डॉक्टर आला.

वसमतकडच्या मुसलमान घरातला, हैदराबादेत शिकलेला. उंच, मानेत वाकलेला, भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर. सदऱ्याची एक गुंडी नेहमी शेजारच्या काजात. तो येऊन राहिला हे दिसायच्या आधी ऐकू यायचं, कारण त्याच्या खिशात चिंचोके भरलेले असायचे, आन खांद्याच्या पिशवीत चार जर्मनच्या, म्हणजे अल्युमिनियमच्या, वाट्या एकमेकीवर वाजत असायच्या. आमच्या गावातली लेकरं त्याला आधी भांडे इकणारा समजली.

त्या चार वाट्या म्हणजे त्याचा देव्हारा. टेबलावर दोन वर, दोन खाली मांडायच्या. वाटीवर लाल रंगाचे ठिपके होते, एकीवर एक, दुसरीवर दोन, असे. मला पहिल्यांदा समजावलं ते असं :

"हकीमसाब, पहिली वाटी. माणूस आजारी होता आन तपासणीनं बी आजारी म्हणलं. दुसरी. आजारी होता, पण तपासणीनं सोडून दिला. तिसरी. चांगला होता आन चांगला म्हणलं. चौथी. चांगला होता, पण त्याला आजारी करून ठेवलं. दुनियेतली सगळी तपासणी ह्या चारांत बसती. पाचवी वाटी न्हाई."

मला तो हकीमसाब म्हणायचा. आधी वाटलं टोमणा मारून राहिला. पण न्हाई, तो बराबर आदरानं म्हणायचा. टोमणा मारायची त्याला अक्कलच न्हवती. समोरच्याला राग आला हे त्याला दुसऱ्या दिवशी कळायचं.

त्याचा एकच सवाल असायचा. सुइणीला, वैदूला, रानात पाणी सांगणाऱ्याला, कंपाउंडरला, सगळ्यांना. "किती बार चुकला?" माणूस म्हणायचा, साहेब, मी इतक्या जागी बराबर सांगितलं. डॉक्टर हात हलवायचा. "बराबर तर सगळेच सांगतात. चुका दाखवा, चुका." कुनी एखादी चूक सांगितली की ह्याचा चेहरा असा खुलायचा, जसं काही पोरगं पास झालं.

पोलीस पाटलाच्या कुत्र्याची गंमत सांगतो. दवाखान्याच्या समोरच पाटलाचं घर. कुत्रं दिवसभर भुंकायचं. डॉक्टर ओसरीवर वाट्या मांडून बसला. पाहुण्यावर भुंकलं, चौथ्या वाटीत चिंचोका. पोस्टमनवर भुंकलं, चौथ्या वाटीत. घरच्या माणसावर गप राहिलं, तिसरीत. असे कितीतरी दिवस. मंग एकदा पोलीस पाटलाला रस्त्यात गाठून म्हणला, "पाटील, गावात चोर कवा येतो?"

पाटील सावध झाला. "काहून साहेब?"

"माझं काम अडून राहिलंय. पहिल्या दोन वाट्या रिकाम्या हायेत. चोर आल्याबगर कुत्र्याची परीक्षा पुरी कशी व्हावी?"

पाटलानं चार-आठ दिवस डॉक्टरवरच नजर ठेवली. शेवटी डॉक्टरनं कंपाउंडरला तोंडाला फडकं बांधून पाटलाच्या गोठ्यात पाठवलं. कंपाउंडर भित्रा माणूस, त्यानं खिशात भाकर नेली. कुत्र्यानं भाकर खाल्ली आन शेपूट हलवली. डॉक्टरनं दुसऱ्या वाटीत चिंचोका टाकला आन पाटलाला जाहीर सांगितलं, "हे कुत्रं पाहुण्यावर भुंकतं आन चोराला सोडतं. ह्याच्या भुंकण्यानं काय कळलं? काहीच न्हाई." पाटील त्याच्याशी बोलायचा बंद झाला. डॉक्टरला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आता माझ्या घरची गोष्ट. माझी धाकटी बहीण वच्छी. बाप गेलेला, म्हणून तिचं लगीन माझ्या अंगावर. पुसेगावचं स्थळ आलं होतं. घर चांगलं, पोरगं शेतात राबणारं, तालमीत जाणारं, आन वच्छीला पसंत. ती तसं बोलली न्हाई, पण पाव्हणे येऊन गेल्यावर तीन दिवस भाकरी करपवल्या, त्यावरनं आमी समजलो. संक्रांतीच्या सुमाराला सोयरीक पक्की करायला ते लोक आले, तवा मी पोराचे हात धुतले. माझी बहीण द्यायची, तर मी धुणारच.

पाणी पिवळं झालं.

मी म्हणलो, पथ्य पाळा, पुढल्या महिन्यात पाहू. पुढल्या महिन्यात परत पिवळं. बहिणीचा मामला म्हणून ह्या बारीला मी साल जास्तच उकळली होती, तर पाणी आधीपेक्षा गडद. तिसऱ्या बारीला आणखी गडद. पोराच्या बापानं टोपी नीट केली आन म्हणला, "पाव्हणं, आमचं पोरगं दिवसभर नांगर धरतं, संध्याकाळी कुस्ती खेळतं. तुमच्या पाण्याचं काय ते तुमी बघा. शिमग्याच्या आधीच्या बाजारापर्यंत हो का न्हाई ते सांगा. न्हाईतर आमाला दुसरं घर हाय."

वच्छी चुलीपुढं बसून ऐकत होती. संक्रांतीला पाणी पिवळं झालं तवापासूनच ती माझ्याशी बोलताना "दादा" म्हणायची बंद झाली. "जेवायला वाढलंय," एवढंच. कुनाला वाढलंय ते सांगायची न्हाई.

आता बघा माझी अडचण. पोरगं बरं हाय म्हणावं, तर बापाची इद्या खोटी पडती. आजारी हाय म्हणावं, तर बहिणीचं लगीन मोडतं. मी इद्येच्या बाजूनं होतो. माणसानं आपल्या घरासाठी इद्या वाकवायची नसती, असं मला वाटायचं.

त्याच हप्त्यात डॉक्टर माझ्या ओट्यावर आला. खाली बसला, वाट्या काढल्या. "हकीमसाब, तुमचं नाव ऐकून राहिलो. किती बार चुकला?"

मी म्हणलो, "एकदाबी न्हाई."

डॉक्टर उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आल्यासारखे झाले. "एकदाबी न्हाई? आजारी माणूस एकबी सुटला न्हाई?"

"एकबी न्हाई. माझ्या बापाच्या हातून बी न्हाई."

"आन चांगला माणूस आला, तर पाणी साफ राहतं?"

मी म्हणलो, "चांगला माणूस माझ्याकडं कशाला येईल?"

डॉक्टर खाली बसला. मफलर सोडून परत बांधला. "परीक्षा देता का? चादरीच्या मागं माणसं बसतील, नुसते हात बाहेर. तोंड दिसायचं न्हाई, नाव कळायचं न्हाई. तुमी धुवा आन सांगा."

आतून भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. मी ओळखलं, वच्छी ऐकून राहिली. मी म्हणलो, "देतो. आन माझं बराबर निघालं, तर पुसेगावचं स्थळ मोडलं म्हणून मला कुनी बोल लावायचा न्हाई." हे मी डॉक्टरकडं तोंड करून म्हणलो, पण जरा मोठ्यानं.

परीक्षेच्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीला सरकारी चादरी बांधल्या होत्या. चादरीला भोकं पाडली होती, आन भोकांतून हात लोंबत होते, जसे काही वाळत घातलेले. आत दोन माणसं खरी कावीळ होऊन दवाखान्यात भरती असलेली, बाकीची चांगली, एवढंच मला सांगितलं. अर्धं गाव पाहायला. पोलीस पाटील बी आला, पण डॉक्टरकडं पाठ करून बसला.

मी सालीचं पाणी चोळलं, निवळीत हात धुवायला लावले. पहिला हात पिवळा. मी म्हणलो, कावीळ. दुसरा पिवळा. कावीळ. तिसऱ्या हाताला मनगटापाशी गोंदलेलं होतं, त्यावरनं मला कळलं ही सुईण हाय, सकाळीच डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन जाताना पाहिली होती. पाणी पिवळं. मी म्हणलो, कावीळ. जे पाण्यानं सांगितलं तेच मी सांगितलं. एक लांब हात आला, गोरा, शाईचा डाग असलेला. थोड्या वेळानं दुसऱ्या भोकातून परत तोच हात आला. मी ओळखलं, डॉक्टर हाय. दोन्ही खेपेला सांगितलं, कावीळ. मी कुनाची भीड ठेवली न्हाई.

डॉक्टर बाहेर आला, हात पुसले, चिंचोके टाकले. वाट्या लोकांना दाखवल्या. पहिलीत दोन. दुसरी रिकामी. तिसरी रिकामी. चौथी शिगोशीग भरलेली.

"हकीमसाब, मुबारक. दवाखान्यातले दोघं बी तुमी धरले. आजारी एकबी सुटला न्हाई, ही गोष्ट बराबर हाय."

मी मिशीवर हात फिरवला.

"चांगला बी एकबी सुटला न्हाई," डॉक्टर म्हणला.

लोक हसले. मी त्यांचं हसणं थांबू दिलं आन म्हणलो, "साहेब, सगळ्यांना कावीळ नसंल कशावरून? आत बसलेले चांगले हायेत, हे कुनी सांगितलं?"

मला वाटलं, आता हा चिडंल. पण डॉक्टर जागीच थबकला, मंग माझे दोन्ही हात धरले. "हाच सवाल. हैदराबादेत मी हाच सवाल केला, तर मास्तरनं वर्गाबाहेर काढलं. खरं काय हे कुठं लिव्हून ठेवलेलं नसतं, हकीमसाब. एका तपासणीची खात्री दुसरीवरनं करायची, दुसरीची तिसरीवरनं. चला, माझी तपासणी तपासू."

त्याची तपासणी अशी होती. लघवीच्या बाटलीत वरनं गंधकाची पूड भुरभुरायची. पूड तरंगली तर माणूस चांगला, बुडली तर कावीळ. चादरीमागच्या सगळ्यांनी बाटल्या भरून दिल्या. दोन आजाऱ्यांची पूड बुडली. बाकीच्यांची तरंगली. आन एक आणखी बुडली. कुनाची? कंपाउंडरची. कंपाउंडर खालीच बसला. "साहेब, मी गेलो."

मी म्हणलो, "पाहा. त्याचं पाणी बी पिवळंच होतं."

डॉक्टरनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं, पोट दाबलं, मंग इचारलं, "बाटली कशानं धुतली?"

"साबणानं, साहेब. तुमी येणार म्हणून लख्ख धुतली."

साबण राहिला की पूड बुडती म्हणे. दुसऱ्या बाटलीत परत केलं तर तरंगली. डॉक्टर इतका खूश झाला की, त्यानं स्वतःच्या तपासणीच्या नावानं चौथ्या वाटीत चिंचोका टाकला आन लोकांना म्हणला, "पाहिलं? माझी बी खोटं बोलली." असा माणूस मी दुसरा पाहिला न्हाई. स्वतःची चूक सापडली म्हणून त्यानं सगळ्यांना च्या पाजला.

च्या पिताना चादर सोडली. सगळे उन्हात आले. मी त्या दोन आजाऱ्यांकडं बोट दाखवलं. "हे दोघं."

"हे तुमाला कोनी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? उन्हात डोळ्याची पापणी खाली ओढली की दिसतं. माझा बाप हात धुवायच्या आधी तेच पाहायचा. बाकीच्यांचे डोळे पांढरे हायेत."

डॉक्टरनं च्याचा कप खाली ठेवला. "मंग हात काहून धुता?"

मी म्हणलो, "लोकांना पाहायला काहीतरी लागतं." मंग मला वाटलं, हे बोलायला नको होतं. म्हणून म्हणलो, "आन पाणी खोटं बोलत न्हाई."

"ठीक हाय," डॉक्टर म्हणला. "एक माणूस आणा, ज्याचं पाणी पिवळं होत न्हाई. फक्त एक. मंग तुमचं हात धुणं मी दवाखान्यात सुरू करतो." मंग हळू आवाजात इचारलं, "पुसेगावच्या पोराला पिवळं होऊन किती महिने झाले? आन करतो काय?"

"नांगर धरतो. कुस्ती खेळतो."

"खरी कावीळ असती, तर इतके दिवस नांगर धरता आला असता का?" त्यानं एक चिंचोका काढला, पण वाटीत टाकला न्हाई. माझ्या हातावर ठेवला. "हा तुमी टाका. मला तो पोरगा म्हाईत न्हाई."

पुढले दिवस मी सालीचं पाणी आन निवळी घेऊन गावभर फिरलो. एकच माणूस पाहिजे होता. न्हाव्याचे हात धुतले, पिवळे. कुंभाराचे धुतले, पिवळे. पुजाऱ्याचे धुतले, पिवळे, आन त्यानं नैवेद्याचं तूप बंद केलं. दर्ग्यातला मुजावर म्हणला, "माझे नको, ईदचं मटण खाऊन होऊ दे, मंग बघू." तेली माझ्याशी भांडायला आला, गावात तेल खपंना म्हणून, मी त्याचे बी धुतले, तो घरी जाऊन झोपला. मला पाहिलं की माणसं हात काखेत धरून गल्ली बदलायला लागली. माझ्या बायकोनं एकदाच म्हणलं, "स्वतःचे धुवा की." मी म्हणलो, वैद्य स्वतःची नाडी पाहत नसतो.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी घरी आलो, तर ओट्यावर माझं सगळं सामान मांडलेलं. वच्छी पदर खोचून बसलेली. समोर निवळीची परात, आन परातीत लाटणं.

"दादा," ती म्हणली. शिमगा तोंडावर आला होता, आन संक्रांतीनंतर पहिल्यांदा दादा. "लाटण्याला कावीळ झाली."

परात पिवळीजर्द होती.

मी म्हणलो, "लाटण्याला हळदीचा हात लागला असंल."

"असंल," ती म्हणली. निवळी बदलली, वरवंट्याला सालीचं पाणी चोळलं, परातीत धरला. पिवळं. मंग नवं कोरं खुरपं, दांड्यासकट. पिवळं. "आता वरवंट्याला मटण बंद कोन करायचं? का त्याला बी पुसेगावला पाठवायचं?"

माझी बायको आत तोंडात पदर कोंबून हसून राहिली होती. मी परात उचलली, परसात नेऊन ओतली, घासून ठेवली. वच्छी मागं येऊन उभी राहिली. आता ती हसत न्हवती. "उद्या बाजार हाय," एवढंच म्हणली.

डॉक्टरची पुढं बदली झाली. त्याच्या आधीच्या ईदला त्यानं मला घरी बोलवून शीरखुर्मा दिला, तो त्याच वाट्यांत. माझ्या पुढ्यात चार ठिपक्यांची वाटी आली. मी म्हणलो, साहेब, ही मला काहून? तर त्याला काही समजलंच न्हाई, आन दुसऱ्या दिवशी समजलं तवा माफी मागायला आला. जाताना ती वाटी मला देऊन गेला, घरात मीठ ठेवायला कामी येती. हात धुणं मी बंद केलं न्हाई. बापाची इद्या हाय, आन कुनी सांगितलं म्हणून सोडणारा मी न्हवं. फक्त आधी माणसाला उन्हात नेऊन पापणी ओढतो. डोळे पिवळे दिसले तर दवाखान्यात धाडतो. पांढरे दिसले तर हात धुतो, पाणी पिवळं होतं, आन म्हणतो, आता उतरणीला लागली, खा बिनघोर.

तर त्या बाजाराच्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. दवाखाना उघडला न्हवता. खिडकीत त्या चार वाट्या धुऊन पालथ्या ठेवलेल्या होत्या. रस्त्यावर कुनी न्हवतं, नुसतं पाटलाचं कुत्रं, ते भुंकलं. मी चार ठिपक्यांची वाटी सुलटी केली, डॉक्टरनं दिलेला खिशातला चिंचोका तिच्यात टाकला आन पहिल्या गाडीनं हिंगोली, तिथून पुसेगाव गाठलं.

पोराच्या बापानं मला पाहिलं आन लगेच लोटा भरून आणला, हात धुवायला लागतील म्हणून. मी पोराला अंगणात उन्हात उभं केलं, पापणी खाली ओढली. डोळे कापसासारखे पांढरे. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलो, "कावीळ उतरली. माझ्या पथ्यानं उतरली."

पोरगं म्हणलं, "पण मी तर पथ्य पाळलंच न्हाई."

त्याच्या बापानं त्याच्याकडं डोळे वटारले, आन मला ते ऐकू आलं न्हाई.

"हात धुऊन पाहायचे न्हाई का, पाव्हणं?" बाप म्हणला. "पाणी आणलंय."

मी म्हणलो, "पाणी राहू द्या. साखर आणा."